आईला विंडोजसारखं सिनॅमन बसवून दिलं, तिला आवडलं ग्नोम. माझं गणित कुठे चुकलं?

रिकामटेकडा_पेंग्विन

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

आधी माझं सांगतो. मी केडीईवाला, म्हणजे लिनक्सवर पट्टी, मेन्यू, खिडक्या दाखवणारे जे वेगवेगळे डेस्कटॉप असतात (ग्नोम, सिनॅमन, केडीईचा प्लाझ्मा), त्यातला केडीईचा. प्लाझ्मा ५ च्या काळात कधीतरी शिरलो आणि तिथेच मुक्काम ठोकला. पॅनेल डावीकडे उभं, सगळे शॉर्टकट स्वतःचे, डॉल्फिन या फाइल मॅनेजरमध्ये एफ३ दाबून दोन फोल्डर शेजारी शेजारी, खाली एफ४ ने टर्मिनल. माझ्या मशिनवर दुसरं कोणी बसलं की पाच मिनिटांत उठून जातं, त्याचा मला थोडा अभिमानच आहे म्हणा.

तर झालं असं की आईचा लॅपटॉप विंडोज १० वर होता, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला, आणि मशिन जुनं असल्याने ११ त्यावर अधिकृतपणे चढत नाही, प्रोसेसरही यादीत नाही आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पण नाही. लॅपटॉप तसा धडधाकट आहे, फेकायचा कशाला, म्हणून लिनक्स. सगळीकडे एकच सल्ला ऐकलेला, विंडोजवरून येणाऱ्याला मिंट नावाचं लिनक्स द्या, त्यावर सिनॅमन द्या, खाली पट्टी, कोपऱ्यात मेन्यू, काही वेगळं वाटणार नाही. मी तर कौतुकाने वॉलपेपरसुद्धा तिचा जुनाच लावला आणि डेस्कटॉपवर आयकॉन त्याच जागी ठेवले.

पहिले दोन आठवडे रोज फोन. "अरे माझं ते पान कुठे गेलं?" पान म्हणजे खिडकी. ती मिनिमाइज करायची आणि मग परत डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर डबल क्लिक. एकदा जाऊन बघतो तर ब्राउझरच्या सात खिडक्या उघड्या, सातही मिनिमाइज, आणि खालच्या पट्टीकडे तिचं लक्षच नाही. मी म्हटलं अगं विंडोजमध्ये पण अशीच पट्टी होती की, तर म्हणे तिथेही मला कधी सापडायचं नाही, तुला सांगितलं नाही इतकंच.

मग मध्येच तिचा चार्जर बिघडला आणि दोन दिवस मी तिला माझा दुसरा लॅपटॉप दिला, त्यावर फेडोरा नावाचं लिनक्स होतं, साधं कोरं ग्नोम, एकही एक्स्टेंशन (वरून बसवायची जोड) नाही, मी नुसतं बघायला टाकलेलं आणि मला ते अजिबात झेपलं नव्हतं. दोन दिवसांत एकही फोन नाही! मला वाटलं लॅपटॉप उघडलाच नसेल. विचारलं तर म्हणते, "ते बटण दाबलं की सगळं समोर दिसतं ना, फोनसारखं, त्यातलं हवं त्यावर बोट ठेवायचं." बटण म्हणजे सुपर की, कीबोर्डवरचं विंडोजचं बटण. चार्जर आला तरी तिला तोच लॅपटॉप पाहिजे.

आता माझे प्रश्न. हा योगायोग आहे का आणखी कोणाला असा अनुभव आलाय? तिच्या मशिनवर ग्नोम टाकू का, कारण उद्या अडलं तर फोन मलाच येणार आणि मला स्वतःला ते ग्नोम बघवत नाही, मिनिमाइजचं बटण नाही, डेस्कटॉपवर फाइल ठेवता येत नाही, हे काय चाललंय. आणि तिसरं, तुम्ही काय वापरता? स्क्रीनशॉट नकोत, थीम नकोत. दुसरीकडे गेल्यावर हाताला कुठली गोष्ट आठवते तेवढं सांगा.


टाइलिंगवाला

आय-थ्री टाका, खिडक्या फरशांसारख्या आपोआप शेजारी शेजारी बसतात, सगळं कीबोर्डवर. माउसच काढून घ्या. तीन दिवस रडतील, चौथ्या दिवशी तुम्हालाच शिकवतील.


जुनं_ते_सोनं

वरच्याकडे दुर्लक्ष करा, प्रत्येक धाग्यावर हाच प्रतिसाद देतो तो.

मी एक्सएफसीई या साध्या, हलक्या डेस्कटॉपवाला, २०११ पासून. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, त्या वर्षी एप्रिलमध्ये ग्नोम ३ आलं आणि ग्नोम २ वर छान घडी बसलेल्या आमच्यासारख्यांच्या पायाखालची जमीनच काढून घेतली. खालची पट्टी गेली, वरचा मेन्यू गेला, मिनिमाइज गेलं. त्याच महिन्यात उबुंटू या लिनक्सने स्वतःचा युनिटी डेस्कटॉप डीफॉल्ट केला, म्हणजे तिथेही पळायची सोय नाही. मग कोणी ग्नोम २ चाच कोड उचलून माटे काढलं, मिंटवाल्यांनी सिनॅमन सुरू केलं, आणि माझ्यासारखे बरेच एक्सएफसीईत येऊन पडले. खुद्द लिनक्सचा जनक लायनस टॉर्व्हाल्ड्ससुद्धा तेव्हा ग्नोम ३ ला शिव्या घालत एक्सएफसीईवर आला होता. त्याची तर गंमतच आहे, २००५ मध्ये हाच माणूस ग्नोमवाल्यांवर चिडून लोकांना केडीई वापरा सांगत होता, मग केडीई ४.० जानेवारी २००८ मध्ये अर्धकच्चं आलं तेव्हा वैतागून ग्नोमवर गेला, मग एक्सएफसीई, आणि पुढे काही वर्षांनी एक्स्टेंशन लावून परत ग्नोम. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लिहिणाऱ्याचं एका जागी बूड टिकत नाही तिथे आपलं काय.

तुमचा तिसरा प्रश्न, हाताला काय आठवतं. मला काहीच आठवत नाही, कारण माझ्याकडचं काही जातच नाही. एक्सएफसीई ४.१२ आलं २०१५ ला, त्यापुढचं ४.१४ थेट २०१९ ला. साडेचार वर्षं! लोक म्हणायचे प्रोजेक्ट मेला. मी म्हणायचो आहाहा. माझं पॅनेल आज जिथे आहे तिथेच ते दहा वर्षांपूर्वी होतं, झोपेतसुद्धा हात तिकडे जातो. देखणं नाही, मान्य, खिडकीची कड पकडून ओढायची तर काही थीममध्ये एका पिक्सेलचा नेम धरावा लागतो, हा त्रास मी गेली कित्येक वर्षं भोगतोय आणि ऑल्ट दाबून उजव्या बटणाने ओढायची सवय लावून घेतलीय.

आईंना ग्नोम द्यायचं तर द्या पण एक्स्टेंशनच्या फंदात पडू नका. दर सहा महिन्यांनी नवं ग्नोम, मार्च आणि सप्टेंबर, आणि प्रत्येक वेळी काहीतरी मोडतं. २०२३ ला ग्नोम ४५ मध्ये तर एक्स्टेंशन लिहायची पद्धतच बदलली, झाडून सगळी नव्याने दुरुस्त करावी लागली. तुम्ही तिथे पट्टी बसवून याल, अपडेटनंतर पट्टी गायब, की परत फोन सुरू.


एकटी_टर्मिनल

पेंग्विनदादा, योगायोग वगैरे काही नाही. तुमच्याच पोस्टमध्ये उत्तर दडलंय, सात खिडक्यांच्या गोष्टीत.

मिनिमाइज म्हणजे काय हो? समोरची वस्तू दिसेनाशी करायची आणि ती कुठे गेली ते डोक्यात ठेवायचं. आपल्याला ते इतकं अंगवळणी पडलंय की त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही आहे हेच कळत नाही. तुमच्या आईसाठी खिडकी गेली म्हणजे गेली, बंद झाली, म्हणून त्या परत आयकॉनवर जातात, आणि डेस्कटॉपवरचा लाँचर काय करतो तर मुकाट्याने नवी खिडकी उघडतो. तेच ग्नोममध्ये डॅशमधल्या (आयकॉनच्या पट्टीतल्या) चालू ॲपवर क्लिक केलं की असलेलीच खिडकी पुढे येते, नवी हवी असेल तर कंट्रोल धरून क्लिक किंवा राइट क्लिक करून मुद्दाम मागावी लागते. सुपर दाबलं की उघडं आहे ते सगळं पसरून समोर. लपवण्याची जागाच नाही तर हरवणार काय?

आणि "विंडोजसारखं म्हणजे सोपं" हे आपण सगळे एकमेकांना इतकी वर्षं सांगत आलोय की तपासून बघायचंच राहिलं. ज्याचे हात विंडोजवर घडले त्याच्यासाठी खरं आहे. आता बऱ्याच लोकांचे हात फोनवर घडलेत, त्यांना पट्टी, ट्रे, ड्राइव्ह, यातलं काहीच आपलं वाटत नाही. ग्नोम ४० पासून, म्हणजे मार्च २०२१ नंतर, लॉगिन केलं की आधी ओव्हरव्ह्यूच, म्हणजे सगळं पसरून दाखवणारा तो पडदा, दिसतो, खाली डॅश, आणि टचपॅडवर तीन बोटं वर सरकवली की सगळं उघडतं, आडवी सरकवली की पुढचं वर्कस्पेस, म्हणजे खिडक्या ठेवायला दुसरा पडदा. फोनवाल्याला यात शिकायला उरतं काय.

ग्नोमवाले उर्मट आहेत अशी सगळ्यांची तक्रार असते (थोडे आहेतच), पण हे लोक उगाच सेटिंग काढत सुटलेत असं नाही. २००१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ग्नोम १.४ समोर माणसं बसवून रीतसर चाचणी घेतली होती, कुठे अडखळतात ते टिपून. त्यातून पुढच्या वर्षी डिझाइनची नियमावली आली आणि ग्नोम २ मधून ढीगभर ऑप्शन उडाले. तेव्हाही लोक असेच चिडले होते बरं का, आज ज्या ग्नोम २ साठी जुनं_ते_सोनं काका उसासे टाकतायत त्याच ग्नोम २ वर! हॅवॉक पेनिंग्टन म्हणून त्यांचा एक डेव्हलपर तेव्हा मांडायचा की प्रत्येक सेटिंगला किंमत असते, ती तपासावी लागते, दुसऱ्या सेटिंगशी भांडते, आणि पुष्कळदा ती म्हणजे मुळातला बिघाड दुरुस्त न करता वापरणाऱ्याच्या गळ्यात मारलेली जबाबदारी असते. मला हे शंभर टक्के पटतं. अंमलबजावणी नेहमी पटते असं नाही.

काय पटत नाही तेही सांगते. ग्नोमच्या नॉटिलस या फाइल मॅनेजरमध्ये पूर्वी एफ३ ने दोन भाग व्हायचे, तुमच्या डॉल्फिनसारखेच, ते २०१२ ला ३.६ मध्ये काढून टाकलं. कोणाला त्रास होत होता त्याचा? आणि दुसरं, खिडकी पूर्ण मोठी केली की बंद करायचं बटण स्क्रीनच्या अगदी कोपऱ्यात येत नाही, कारण वर ती काळी पट्टी बसलेली. प्लाझ्मा किंवा सिनॅमनमध्ये पट्टी खाली, मग माउस डोळे झाकून वर उजवीकडे भिरकावला की बटणावरच पडतो, नेम धरायला नको. फिट्सचा नियम १९५४ चा आहे, लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ तितकं लवकर गाठता येतं, आणि स्क्रीनच्या कडेला कर्सर अडतो म्हणून कोपरा म्हणजे जवळजवळ अमर्याद मोठं लक्ष्य. ग्नोमने डावा कोपरा ओव्हरव्ह्यूसाठी छान वापरला आणि उजवा वाया घालवला.

मिनिमाइज तुम्हाला स्वतःला हवंच असेल तर ट्वीक्स नावाचं ॲप टाका, त्यात एक बटण आहे. सुपर आणि एच दाबूनही होतं. पण आईंच्या मशिनवर ते लावू नका, सात खिडक्या परत येतील.


प्लाझ्मा_प्रेमी

एकटीताईंशी अर्धा सहमत. ओव्हरव्ह्यू चांगला आहे पण तो फक्त ग्नोममध्ये आहे असं कोणी समजू नये, प्लाझ्मामध्येही सुपर आणि डब्ल्यू दाबलं की सगळ्या खिडक्या पसरतात, टचपॅडवर बोटांनीही होतं. म्हणजे दादा, तुमच्या ओळखीचं प्लाझ्माच आईंना त्या पद्धतीने लावून देता येईल, खालचं पॅनेल काढा, मध्ये डॉक ठेवा, टायटल बारमधून मिनिमाइज बटण काढा, दहा मिनिटांचं काम. उलट ग्नोमला प्लाझ्मासारखं करायचं तर पाच एक्स्टेंशन आणि नशीब लागतं.

मी केडीई का सोडत नाही तर छोट्या छोट्या गोष्टी. डेस्कटॉपवर नुसतं टाइप करायला लागलं की केरनर ही शोधायची पट्टी उघडते, त्यात हिशोबही होतो आणि एकक बदलूनही मिळतं. एखाद्या खिडकीला सांगून ठेवता येतं की तू कायम याच स्क्रीनवर, याच आकारात उघडायचं. क्लिपबोर्डचा इतिहास आतच आहे, सुपर आणि व्ही. केडीई कनेक्टने फोनवर आलेला मजकूर इकडे. दुसरीकडे बसलं की यातली एकेक गोष्ट नाही म्हणून हात अडखळतो, आणि "मग एक्स्टेंशन टाका" हे उत्तर ऐकून डोकं फिरतं.

आता प्रामाणिकपणे वाईट बाजू. सेटिंगमध्ये शोधायची खिडकी नसती तर मी स्वतः हरवलो असतो. आणि वर्षानुवर्षं एक हट्ट चालवला होता या लोकांनी, एका क्लिकमध्ये फाइल उघडायची, जी बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला चुकीची वाटायची, कारण निवडायला म्हणून क्लिक करावं तर फाइल उघडतेच. शेवटी प्लाझ्मा ६ मध्ये, फेब्रुवारी २०२४ ला, डबल क्लिक डीफॉल्ट केलं. मी लगेच परत एक क्लिक करून घेतलं, हाहा.


रिकामटेकडा_पेंग्विन

वा, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं.

प्लाझ्मा_प्रेमी, तुम्ही म्हणता तो विचार माझ्याही डोक्यात आला होता पण घाबरलो, कारण मागे एकदा आमच्याकडच्या पाहुण्यांच्या पोराने माझ्या मशिनवर खेळता खेळता एडिट मोड उघडून अख्खं पॅनेल उडवलं होतं. मला माहिती होतं की नवीन डिफॉल्ट पॅनेल टाकता येतं म्हणून ठीक. आईच्या बाबतीत असं झालं तर मी फोनवर सांगणार काय? "मोकळ्या जागेवर उजवं बटण दाब", "कुठली मोकळी जागा?", "जिथे काही नाही तिथे", "काही नाही तिथे काय दाबू?" हा संवाद माझा पाठ आहे.

एकटीताई, ते मिनिमाइजचं तुम्ही मांडलंत तसा विचारच केला नव्हता कधी. काल तिच्या शेजारी बसून नुसतं बघत होतो, न बोलता, अवघड गेलं पण बसलो. खिडकी बंद करायची आणि बाजूला सारायची यात तिच्या मनात फरकच नाही. फोनवर कुठे असतो.


कर्सर_हरवला

थोडा वेगळा मुद्दा. मला कमी दिसतं, त्यामुळे वापरायला सोपं म्हणजे काय याची माझी यादी निराळी आहे आणि अशा चर्चेत ती कोणी विचारत नाही.

अक्षर मोठं करणं सगळीकडे जमतं, पण मोठं केल्यावर मोडत काय नाही ते बघायचं असतं. कुठे बटणावरचा शब्द अर्धा कापला जातो, कुठे डायलॉग स्क्रीनच्या खाली जातो आणि "ठीक आहे" दाबायला मिळतच नाही. याबाबतीत ग्नोम माझ्यासाठी सगळ्यात सरळ निघालं, वरच्या पट्टीत ॲक्सेसिबिलिटीचा आयकॉन कायमचा ठेवता येतो आणि त्यातच मोठं अक्षर, झूम, जास्त कॉन्ट्रास्ट. स्क्रीन वाचून दाखवणारं ऑर्का तिथलंच. कर्सर हरवला की कंट्रोल दाबून गोल लाटा उठतात तेही सेटिंगमध्ये सुरू करता येतं. प्लाझ्मामध्ये आता ६.१ पासून माउस जोरात हलवला की कर्सर फुगतो, तो प्रकार मला फार आवडलाय, काही शिकावंच लागत नाही, कर्सर दिसेना झाला की माणूस माउस हलवतोच.

एक्सएफसीईच्या त्या एका पिक्सेलच्या कडेबद्दल मी बोलत नाही, काका मनाला लावून घेतील.

आईंना ग्नोम द्या. आणि देतानाच अक्षर सव्वापट करून द्या, त्या स्वतःहून सांगणार नाहीत.


बोरूबहाद्दर

मराठी टायपिंगबद्दल कोणीच कसं बोललं नाही? माझ्यासाठी डेस्कटॉप निवडायची पहिली कसोटी तीच, बाकी रंगरंगोटी नंतर.

ग्नोममध्ये आयबस (वेगवेगळ्या भाषांत टाइप करू देणारं सॉफ्टवेअर) आतच शिवलेलं आहे, सेटिंगमध्ये कीबोर्डमध्ये जाऊन मराठी जोडायचं, सुपर आणि स्पेसने भाषा बदलायची, वर पट्टीत कुठली चालू आहे ते दिसतं, संपलं. इनस्क्रिप्ट येत असेल तर काहीच टाकावं लागत नाही, उच्चाराप्रमाणे लिहायचं असेल तर एम१७एनचं पॅकेज लागतं. प्लाझ्मामध्ये वेलँडवर (खिडक्या पडद्यावर काढणारी नवी यंत्रणा) असाल तर फसगत होते, एफसिटिक्स (आयबससारखंच दुसरं) किंवा आयबस नुसतं बसवून भागत नाही, सिस्टिम सेटिंगमध्ये "व्हर्च्युअल कीबोर्ड" नावाच्या पानावर जाऊन ते निवडावं लागतं, आणि त्या नावाच्या पानात हे असेल असं कोणाच्या बापाला सुचणार नाही. मी एक अख्खा रविवार घालवलाय. एक्सएफसीई आणि सिनॅमन एक्स११ या जुन्या यंत्रणेवर असतात तोवर जुनी पद्धत चालते, एकदा लावलं की विसरून जायचं.

आई मराठीत लिहितात का? लिहीत असतील तर लॉगिन करायच्या पडद्यावर भाषा इंग्रजीच राहील याची खात्री करा, नाहीतर पासवर्ड देवनागरीत टाइप होतो आणि गोल ठिपक्यांमध्ये कळतही नाही. अनुभवाचे बोल.


जुनं_ते_सोनं

कर्सर_हरवला, घेतलं मनाला लावून :) पण मुद्दा बरोबर आहे तुमचा, माझं वय वाढतंय तशी ती कड अजून बारीक होत चाललीय.

पेंग्विन, शेवटचा सल्ला. ग्नोम टाकाच, मी हरलो. पण फेडोरा नको, दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती. डेबियन नावाच्या लिनक्सचं १३ टाका, ऑगस्ट २०२५ ला आलंय, त्यात ग्नोम ४८ आहे आणि पुढची दोनेक वर्षं ते ४८ च राहील, फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. उबुंटूचं एलटीएस (जास्त वर्षं सपोर्ट मिळणारी आवृत्ती) पण चालेल, पण त्यांचं ग्नोम कोरं नसतं, डाव्या बाजूला कायमचा डॉक, मिनिमाइजचं बटण, डेस्कटॉपवर आयकॉन, हे सगळं ते स्वतः लावून देतात. इतरांसाठी चांगलं, तुमच्या घरी पुन्हा सात खिडक्या.


टाइलिंगवाला

मंडळी हसा तुम्ही, पण ग्नोममध्ये मिनिमाइज नको, सगळं वर्कस्पेसवर पसरून ठेवा, कीबोर्डने फिरा, हे सगळं टाइलिंगवालेच कधीपासून सांगतायत. आईंनी माझीच बाजू घेतलीय.


एकटी_टर्मिनल

अरे बापरे, पहिल्यांदाच याच्याशी सहमत व्हावं लागतंय.


रिकामटेकडा_पेंग्विन

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय, खबर द्यायची होती.

डेबियन १३ टाकलं, कोरं ग्नोम, अक्षर सव्वापट, मराठी इनस्क्रिप्ट, पासवर्डच्या पडद्यावर इंग्रजी. बोरूबहाद्दर तुमचे विशेष आभार, मी तिथे शंभर टक्के आपटलो असतो. फोन एकूण दोन आले. पहिला, लॅपटॉप बंद कुठून करायचा, ते वरच्या कोपऱ्यात दडलंय आणि मला ते लपवण्याचं कारण अजूनही कळलेलं नाही. दुसरा, डेस्कटॉपवर फोटो ठेवायचा होता. तो जमत नाही म्हटल्यावर थोडी हिरमुसली, पण नंतर तिचं तिनेच शोधलं की सुपर दाबून फाइलचं नाव लिहिलं की ती येते, आता फोल्डर वगैरे काही बघत नाही, सगळं डाउनलोड्समध्ये कोंबलेलं आणि नाव लिहून काढायचं. मला ते बघून कसंतरीच होतं पण तिला सापडतंय.

मीसुद्धा त्या दुसऱ्या लॅपटॉपवर आठवडाभर ग्नोम नेटाने वापरून बघितलं. चौथ्या दिवशी क्लिपबोर्डचा इतिहास नाही म्हणून परत फिरलो. पण एक झालं, प्लाझ्मावर आल्यावर लक्षात आलं की माझा हात मिनिमाइजकडे जातच नाहीये, सुपर आणि डब्ल्यूच दाबतोय.

आता नवीन भानगड. ती काहीच बंद करत नाही! काल बघितलं तर एकवीस खिडक्या, वर्कस्पेस पाच, आणि मशिनमध्ये रॅम चार जीबी. ओव्हरव्ह्यू उघडायला तीन सेकंद घेतो आणि पंखा विमानासारखा. बंद कर म्हटलं तर म्हणते फोनवर कुठे बंद करते मी. यावर काही उपाय?


जुनं_ते_सोनं

फोनवर आतल्या आत सिस्टिमच बंद करते, त्यांना दिसत नाही इतकंच. इथे तसं कोणी करणार नाही. झेडरॅम-टूल्स नावाचं पॅकेज टाका, रॅममधला मजकूर रॅममध्येच दाबून बसवतं, डेबियनमध्ये आपोआप येत नाही, फेडोरात येतं, म्हणून त्या लॅपटॉपवर तुम्हाला जाणवलं नसेल. ब्राउझरमध्ये न वापरलेले टॅब झोपवायची सोय असते ती चालू करा. आणि रॅमचा स्लॉट मोकळा आहे का ते आधी खोलून बघा.


कर्सर_हरवला

रात्री लॅपटॉप नुसता मिटून ठेवत असतील तर दर रविवारी एकदा पूर्ण बंद करायला सांगा. बटण कुठे आहे ते त्यांना आता माहिती आहे.